छंदाचे सोबती



आजारपणांतील धैर्यावर बोला, असें मला सुचविण्यांत आलें होतें. मीं उलट कळविलें कीं धैर्य माझ्यापाशीं बेताचेंच होतें. तेव्हां त्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. मात्र ज्या पांच-सहा जणांनीं आजारांत मला माणसांत ठेवलें, त्यांच्याविषयीं बोलावयास सांगाल तर आनंदानें बोलेन. तें मान्य झालें, म्हणून आज आपल्यापुढें आहें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. अध्यापनाचें प्रमाणपत्र घेऊन बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत प्राथमिक शिक्षक म्हणून लागलों, आणि सन २०१६ मध्यें अठ्ठावन वर्षें पुरीं होतांच निवृत्त झालों. आमचा भाग बालाघाटाच्या माथ्यावरचा, खडकाळ नि कोरडा. दिवाळी झाली कीं गांवोगांवचीं बिऱ्हाडें ऊंसतोडीला निघतात आणि शाळेचा अर्धा पट रिकामा होतो. उरलेल्या मुलांना वर्गांत कोंडून काय शिकवावें, हा दरवर्षींचा प्रश्न. मी त्यांना माळावर नेऊं लागलों. एके दिवशीं एका पोरानें टिटवीहून लहान, मातकट रंगाचा, भराभर धांवणारा एक पक्षी दाखविला आणि विचारलें, “गुरुजी, हें काय?” मला सांगतां येईना. तो धाविक होता, हें मला दोन वर्षांनीं समजलें. पण त्या दोन वर्षांत मला पांखरांचा छंद जडला तो जडलाच.

पाटोदा तालुक्यांतच नायगांवचें मयूर अभयारण्य आहे. सुमारें ३० चौरस किलोमीटरचा हा टापू सन १९९४ मध्यें मोरांसाठीं राखून ठेवण्यांत आला. त्या बाजूला रविवारीं सकाळीं एकमेकांना नुसती मान हलवून पुढें जाणारे आम्ही कांहीं जण हळूहळू एकत्र आलों. एक एस्. टी.चे चालक, एक टपाल कचेरींतले, एक औषधांचे दुकानदार, एक शिंपी, एक वनरक्षक आणि माझाच एक जुना विद्यार्थी. हा विद्यार्थी ऊंसतोड कामगाराचा मुलगा, स्वतःहि तेंच काम करणारा. आमच्या मंडळाला नांव नव्हतें, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. होती ती एक वही. हिशेबाची, तांबड्या बांधणीची, लांबट. तींत तारीख, जागा, हवामान, पक्षी आणि संख्या एवढेंच लिहावयाचें, आणि तें मीं लिहावयाचें. कारण अक्षर माझें बरें. पक्षी पाहून मनाला काय वाटलें तें लिहावयाचें नाहीं, असा शिंप्यांनीं घालून दिलेला दंडक होता. त्यांना आमच्यांतील काव्याची भीति वाटत असे.

सन २०१६ च्या पावसाळ्यांत डाव्या गुडघ्याच्या मागें एक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. एका डॉक्टरांनीं ती चरबीची म्हणून सांगितली आणि अर्ध्या तासांत काढून टाकली. काढलेला तुकडा तपासावयास पाठविला गेला नाहीं, आणि तो पाठवावयाचा असतो हें मला ठाऊक नव्हतें. चार महिन्यांनीं त्याच जागीं गाठ पुन्हां आली, या खेपेस मोठ्या लिंबाएवढी. मी वैद्यकाचा उपदेश करणार नाहीं. पण एवढें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गाठ पांच सेंटिमीटरांहून मोठी असेल, खोल मांसांत असेल किंवा वाढत असेल, तर ती दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये, आणि आधीं यंत्रावर छायाचित्र व सुईनें तपासणी झाल्यावांचून तिला सुरी लावूं देऊं नये. आंधळेपणानें कापलेल्या गाठीचे अंश आसपास पसरतात, आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. माझ्या बाबतींत तसें झालें.

जानेवारी २०१७ मध्यें परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत गेलों. बीड शहराला त्या वेळीं रेल्वे नव्हती. ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं आली. एस्. टी.नें रात्रभराचा प्रवास. आमचे चालक मित्र रजा काढून शेजारीं बसले होते, आणि गाडी चालविणाऱ्याच्या प्रत्येक वळणाला नापसंतीचा सुस्कारा टाकीत होते.

हें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. सालीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तकहि १९४१ सालींच निघालें. रांगेंत बसल्या बसल्या मला हें आठवलें, आणि मास्तरी खोडीप्रमाणें मीं तें शेजारच्या गृहस्थाला सांगितलें. तो सोलापुराकडचा होता. तो म्हणाला, “तें खरें, पण त्या पुस्तकांत आपला नंबर केव्हां लागेल तें दिलंय का?” सालीम अली १९८७ मध्यें वारले, आणि त्यांनाहि अखेरीस कर्करोगच झाला होता, हेंहि मला त्याच वेळीं आठवलें. तें मात्र मीं त्याला सांगितलें नाहीं.

तपासणींत सार्कोमा निघाला. मांस, चरबी, शिरा यांसारख्या मऊ भागांत उद्भवणारा हा कर्करोग तसा विरळ. आज बहुतेक रोग्यांचा हातपाय न कापतां ही गाठ काढतां येते. पण माझी गाठ गुडघ्यामागील मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतु यांना वेढून बसली होती. आधीं औषधांनीं ती आटते का पाहूं, असें ठरलें. आम्ही पतिपत्नी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरलों. दर एकवीस दिवसांनीं केमोची एक फेरी. त्यांतील एक औषध डाळिंबाच्या रसासारखें लाल असतें. दुसऱ्या दिवशीं लघवीलाहि तोच रंग येतो आणि नवखा मनुष्य घाबरतो. तोंडाला लोखंडाची चव येते. केंस गेले, भुंवयाहि गेल्या. दुसऱ्या आठवड्यांत रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरतात; त्या दिवसांत गर्दींत जाऊं नये, कच्चें खाऊं नये, आणि थोडाहि ताप आल्यास रात्र असो कीं दिवस, तडक रुग्णालय गांठावें, अशी ताकीद असते.

भेटावयास येणारे आप्त भले होते. पण ते आले कीं मी अधिकच आजारी होत असें. कोणी रडत, कोणी काढे सुचवीत, कोणी माझ्या देखत पत्नीला “पुढची कांहीं सोय केलीत का?” म्हणून विचारीत. एका भाच्यानें कॅनडांतील टेरी फॉक्सची हकीकत छापून आणली. सन १९७७ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, हाडाच्या कर्करोगामुळें त्या मुलाचा उजवा पाय कापला. १९८० मध्यें कृत्रिम पायानें तो १४३ दिवस धांवला, ५,३७३ किलोमीटर गेला, आणि कर्करोगाच्या संशोधनासाठीं त्यानें सारा देश हलविला. रोग फुप्फुसांत उतरल्यामुळें त्याला थांबावें लागलें, आणि १९८१ मध्यें तो वारला. असा पुरुष शतकांत एखादा. परंतु खरें सांगावयाचें तर, न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाणाऱ्या साठीच्या मनुष्याला असल्या कथेनें बळ न येतां लाजच अधिक वाटते. भाच्याचें मन मोडूं नये म्हणून मीं तो कागद उशाशीं ठेवला.

मंडळाची रीत निराळी होती. चालक मित्रांनीं दुसऱ्या फेरीच्या आधीं ती तांबडी वही मुंबईस आणून माझ्या पुढ्यांत टाकली. “गुरुजी, तिकडे कोणी लिहीत नाहीं. अक्षरें वाईट आहेत सगळ्यांचीं.” त्या दिवसापासून संध्याकाळीं सातच्या सुमारास फोन येऊं लागला. “कसें आहे?” हा प्रश्न त्यांत नसे. ज्यानें जें पाहिलें असेल तें तो सांगे: पाटोद्याच्या तळ्यावर चक्रवाक दोन, शाळूच्या रानांत भारीट सुमारें तीनशें, तारेवर नीलपंख एक. ऊंसतोडीला गेलेला विद्यार्थी कारखान्याच्या कोपीवरून फोन करी आणि तोडणी चालू असतां उसांतून काय काय उठलें त्याची यादी देई. मी सलाइन लागलेला हात सांभाळून दुसऱ्या हातानें लिहीत असें. एकदां टपाल कचेरींतल्या गृहस्थांनीं सांगितलेले भारीट काळ्या डोक्याचे कीं लाल डोक्याचे, यावरून मीं त्यांना चांगलें फैलावर घेतलें. माद्या एकमेकींसारख्या दिसतात, मग नर पाहिले होते का, किती, कोणत्या उजेडांत? ते चिडले. मीहि चिडलों. पंधरा मिनिटें वाद चालला. फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, “महिन्यानंतर आज तुमचा आवाज मास्तरांसारखा आला.”

त्या भांडणावर मीं पुढें पुष्कळ विचार केला. आजारी माणसावर सारे दया करतात. त्याच्याशीं भांडत कोणी नाहीं. त्याच्याकडून कसली अपेक्षा नसते, आणि ती नसणें हेंच हळूहळू त्याला मारीत असतें. वही माझ्याकडे आणून टाकणाऱ्यांनीं असा कांहीं सिद्धान्त मनांत धरला होता, असें मला वाटत नाहीं. त्यांना नोंदी बिनचूक हव्या होत्या, इतकेंच. म्हणूनच त्याचा उपयोग झाला असावा.

तीन फेऱ्यांनंतर गाठ तसूभरहि आटली नव्हती. मांडीच्या मध्यावरून पाय काढावा लागेल, असें डॉक्टरांनीं स्पष्ट आणि सौम्यपणें सांगितलें. शस्त्रक्रियेची तारीख गुढीपाडव्यानंतरची होती. मध्यें कांहीं दिवस मोकळे होते आणि पांढऱ्या पेशी भरून आल्या होत्या. चालक मित्र पुन्हां आले होते. त्यांनीं डॉक्टरांची परवानगी विचारली, टॅक्सी केली आणि मला शिवडीच्या धक्क्यावर नेलें. परळपासून शिवडी जवळच. तेथें खाडीच्या चिखलांत हिंवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत हजारों रोहित पक्षी उतरतात. ओहोटी होती. मागें कारखान्यांचीं धुरांडीं आणि पुढें दृष्टि पोंचेल तेथवर गुलाबी पांखरें. मी टॅक्सीच्या दारांतूनच दुर्बीण लावली. पुष्कळसे पक्षी एकेका पायावर उभे राहून झोंप काढीत होते.

आम्ही दोघेहि बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. मग चालक म्हणाले, “गुरुजी, एवढे हजार जण आहेत, आणि तक्रार एकाची नाहीं.”

ही थट्टा आप्तांपैकीं कोणी केली असती तर मीं त्याला जन्मांत क्षमा केली नसती. येथें मात्र मला हसूं फुटलें, आणि हसतां हसतां मी रडलों. पाय जाणार हें कळल्यापासून प्रथमच. ते तिसरीकडे पाहत संख्या मोजीत राहिले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं रोहिताच्या सांध्यांची ठेवणच अशी आहे, कीं एका पायावर उभें राहण्यास त्याला स्नायूंची शक्ति जवळजवळ खर्चावी लागत नाहीं. मृत पक्ष्याचें शरीरसुद्धां तसें उभें राहतें. माणसाचें तसें नसतें, हें मला लौकरच समजावयाचें होतें.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिच्याविषयीं सांगण्यासारखें थोडें आहे. मी गुंगींत होतों. पुढचें मात्र कोणी आधीं नीट सांगत नाहीं. उरलेल्या मांडीखालीं उशी घेतली कीं बरें वाटतें, पण ती घेऊं नये; सांधा वांकडा आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाहीं. उलट रोज कांहीं वेळ पालथें निजावें. पट्टी कशी गुंडाळावी हें घरच्या माणसानें शिकून घ्यावें. आणि नसलेला पाय दुखतो. माझ्या गेलेल्या पायाचा अंगठा कोणी तरी पिळीत आहे, असें रात्रीं दोनच्या सुमारास वाटे आणि मी ओरडत उठे. प्रथम वाटलें, डोक्यावर परिणाम झाला. परंतु अमेरिकेंतील यादवी युद्धांत जखमींवर उपचार केलेले डॉक्टर वियर मिचेल यांनीं १८७१ मध्येंच या प्रकाराला ‘अवयवाचें भूत’ अशा अर्थाचें नांव देऊन ठेवलें आहे. पाय जातो, पण मेंदूंतील त्याची जागा जात नाहीं.

हें औषधांच्या दुकानदारांना माझ्या डॉक्टरांकडून कळलें, आणि त्यांनीं त्यावरचा एक उपायहि विचारून आणला. मूळचे तामिळनाडूचे, अमेरिकेंत काम करणारे डॉक्टर रामचंद्रन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत तो काढला. दोन पायांच्या मध्यें उभा आरसा धरावयाचा, धड पाय हलवावयाचा, आणि आरशांत पाहावयाचें. गेलेला पाय परत आल्यासारखा दिसतो व हलतो, आणि आखडलेली वेदना कित्येकांची सैल होते. सगळ्यांची होत नाहीं. आरसा लांब हवा. शिंप्यांनीं आपल्या दुकानांतील गिऱ्हाइकांचा आरसा भिंतीवरून उतरवून हातगाडीवर घालून माझ्या घरीं पाठविला आणि दोन महिने गिऱ्हाइकांना “कपडा तुम्हांला शोभतो, माझ्यावर विश्वास ठेवा,” असें सांगून काम चालविलें. माझी वेदना तीन आठवड्यांत पुष्कळ कमी झाली. आरशामुळें झाली कीं गोळ्यांमुळें, हें मी सांगूं शकत नाहीं.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मंडळी आलीं कीं मी हसत असें, नोंदी तपाशीत असें. तीं गेलीं कीं भिंतीकडे तोंड करून पडे, आणि चहा थंड झाला म्हणून पत्नीवर ओरडे. माझा चांगला चेहरा मित्रांच्या वांट्याला आणि वाईट चेहरा घराच्या वांट्याला. एके दिवशीं ती पट्टी गुंडाळतां गुंडाळतां शांतपणें म्हणाली, “ते पांखरांच्या बातम्या आणतात, मी पट्ट्या नि औषधें आणतें. म्हणून का मीं शिव्या खायच्या?” मला उत्तर नव्हतें. ती शेतकऱ्याच्या घरची. पावशाचें ‘पेर्ते व्हा’ ऐकून वडिलांबरोबर पाभर जुंपलेली. पंचवीस वर्षें मीं तिला रविवारीं कधीं बरोबर नेलें नव्हतें, कीं नेण्याचें सुचलेंहि नव्हतें. त्या जूनमध्यें चातक आला तो तिनें माझ्या आधीं ऐकला. हा पक्षी आफ्रिकेंतून मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आपल्याकडे येतो. वहींत त्याच्या आगमनाच्या तारखेला मोठा मान. ती नोंद मीं तिच्या नांवावर घातली. शिंप्यांनीं हरकत घेतली नाहीं.

कृत्रिम पाय त्या वर्षाअखेर मिळाला. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यवैद्य प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास जो पाय घडविला, त्याच्यामुळें अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांची मोठी सोय झाली. पण ती खरी सोय गुडघा शाबूत असलेल्यांची. गुडघाच गेला म्हणजे कृत्रिम सांध्यावर चालावें लागतें, आणि तेवढ्याच अंतराला कितीतरी अधिक शक्ति लागते. ढेंकळांच्या रानांत तर तो पाय मला आजहि नीट साथ देत नाहीं. दोनदां पडलों. तिसऱ्यांदा मीं सांगून टाकलें कीं आतां मी येत नाहीं. माझ्यासाठीं सर्वांचा खोळंबा होतो.

त्यावर कोणी माझी समजूत घातली नाहीं. वनरक्षक एवढेंच म्हणाले कीं माळावर संध्याकाळीं भोवते मुक्कामाला उतरतात. त्यांची मोजणी चालत करतां येत नाहीं, एका जागीं दोन तास न हलतां बसणारा मनुष्य हवा, आणि आमच्यापैकीं कोणाला तेवढा धीर नाहीं. हें खरें होतें. भोवत्या हा हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारा शिकारी पक्षी. दिवसभर गवतावरून खालून खालून घिरट्या घालतो आणि तिन्हीसांजेला जमिनीवरच, गवतांत, समूहानें रात्र काढतो. डिसेंबरांतील एका संध्याकाळीं बांधावर खुर्ची टाकून मला बसविलें आणि बाकीचे निघून गेले. सूर्य मावळला. गार वारा सुटला. पहिला भोवत्या पश्चिमेकडून आला, मग दोन, मग चार दिशांनीं एकेक. अंधार पडेपर्यंत मीं सतरा मोजले. दोन्ही पाय असतांना मीं एका वेळीं पांचांहून अधिक कधीं पाहिले नव्हते. कारण मी सारखा चालत असें.

मंडळांतील सर्वच काहीं सदैव पाठीशीं उभे राहिले, असें म्हणणें खोटें होईल. टपाल कचेरींतले गृहस्थ, ज्यांच्याशीं भारिटांवरून वाद झाला, ते शस्त्रक्रियेनंतर दीड वर्ष माझ्या घरीं आले नाहींत. फोनवर नोंदी देत, पण तोंड दाखवीत नसत. मला राग होता. सन २०१९ मध्यें एका रात्रीं ते दारांत उभे राहिले. त्यांच्या पत्नीच्या स्तनांत गाठ निघाली होती. कापलेला पाय पाहावयाची भीति वाटत होती, म्हणून आलों नाहीं, असें त्यांनीं खालीं मान घालून सांगितलें आणि मुंबईस कोठें उतरावें, सकाळीं किती वाजतां रांग लावावी, हें विचारलें. मीं सर्व लिहून दिलें. अक्षर माझें बरें आहे. माझी पत्नी त्यांच्या पत्नीबरोबर पहिल्या फेरीला आठ दिवस राहिली. त्या बाई आज बऱ्या आहेत.

सार्कोमा परत उलटला तर बहुधा फुप्फुसांत उलटतो. म्हणून छातीची तपासणी करीत राहावें लागतें, पहिलीं वर्षें दर कांहीं महिन्यांनीं, आतां वर्षांतून एकदां. निकाल हातीं येईपर्यंतची रात्र नवव्या वर्षींहि पहिल्यासारखीच जाते. मंडळी त्या दिवशीं फोन करतात तेव्हां निकाल विचारीत नाहींत. परळला काय दिसलें, तें विचारतात. रुग्णालयाच्या आवारांतील झाडांवर तांबट असतो, घारी असतात; तेवढें सांगतों, आणि माझ्या आवाजावरून त्यांना काय समजावयाचें तें समजतें.

पुढच्या तपासणीची तारीख दिवाळीनंतरच्या एका सोमवारची मिळाली आहे. म्हणजे आदल्या रविवारीं माळावर जाऊन रात्रीं निघतां येईल. या खेपेस बीडहून अहिल्यानगरपर्यंत नव्या रेल्वेनें जावें कीं नेहमीप्रमाणें एस्. टी.नें, याविषयीं आमच्यांत अजून एकमत झालेलें नाहीं. चालक आतां निवृत्त झाले आहेत, पण रेल्वेला त्यांचा सक्त विरोध आहे.